भिंतीवाचून तुरुंग

यंदाही वसुबारसेच्या आधीच आमच्या बोर्ली पंचतनच्या अंगणात किल्ला उभा राहिला. जांभ्याचे तुकडे, वाडीतली लाल माती, गोणपाट आणि घरातल्या साऱ्या बादल्या एवढ्या सामग्रीवर आळीतल्या पोरांनी तीन दिवस खपून तो रचला. आमच्याकडच्या मुलांचा किल्ला बहुधा पाण्यातला असतो. दिघीच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसतो. तो पाहत वाढलेल्या मुलांना किल्ल्याभोवती परात भरून पाणी ठेवल्याखेरीज चैन पडत नाही. तोफा मांडून झाल्या, मावळे चढले, अहळीव पेरून झाला. मग माझ्या धाकट्या नातवाच्या हातात मातीची सहा चित्रे उरली. ती घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आबा, हे कैदी. ह्यांना कुठे ठेवायचं?"

मी सहज सांगितले, "बुरुजाखाली. भिंत जाड असेल तिथे."

माझे उत्तर चुकले असे कोणी म्हणणार नाही. मनुष्याने किल्ला बांधायला घेतला तेव्हापासून कैद्याची जागा भिंतीआडच ठरलेली आहे. आमच्याच किनाऱ्याचे उदाहरण घ्या. अलिबागेचा हिराकोट कान्होजी आंग्र्यांनी १७२० साली बांधला तो शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी. पुढे त्याच काळ्या दगडांच्या तटाचा उपयोग माणसांना आत ठेवण्यासाठी होऊ लागला आणि तो जिल्ह्याचा तुरुंग बनला. तट तोच, दगड तेच. फक्त भीतीचे तोंड फिरले. परंतु 'सहा' हा आकडा मात्र माझ्या मनात रेंगाळत राहिला. सहा कैदी म्हणताच मला माझ्या लहानपणी पाहिलेला एक चित्रपट आठवला, आणि त्याच्या पाठीमागची एक खरी हकीकत आठवली. दिवाळीच्या फराळाबरोबर ती वाचकांपुढे ठेवावी असे मनात आले.

चित्रपटाचे नाव 'दो आँखें बारह हाथ'. साल १९५७. मे महिन्याच्या सुटीत बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून काकांच्या बिऱ्हाडी राहायचे आणि त्यांनी एखादा 'चांगला' बोलपट दाखवायचा, असा त्या काळी आम्हा कोकणातल्या मुलांचा परिपाठ होता. तुरुंगाचा चित्रपट म्हटल्यावर आम्ही पोरे मारामाऱ्या आणि पळापळीच्या आशेने जाऊन बसलो. पडद्यावर पाहिले ते निराळेच. आदिनाथ नावाचा एक तरुण तुरुंगाधिकारी खुनाची शिक्षा भोगणारे सहा बंदिवान मागून घेतो, त्यांच्या पायांतल्या बेड्या काढतो आणि त्यांना एका ओसाड, पडक्या शेतावर नेऊन ठेवतो. तिथे कुंपण नाही, बंदूकधारी शिपाई नाही. आहेत ते आदिनाथाचे दोन डोळे आणि कैद्यांचे बारा हात. नापीक जमिनीतून हे बारा हात भाजीपाला उभा करतात. माल बाजारात येतो आणि वाजवी दराने विकला जातो, तेव्हा बाजार मुठीत ठेवणाऱ्यांचे पित्त खवळते. कैद्यांना दारूच्या मोहात पाडण्यात येते, मारहाण होते, अखेर उभ्या पिकावर बैल सोडण्यात येतात. त्या बैलांशी झुंजताना आदिनाथ प्राण सोडतो. आपण पाहणारे समजतो की आता हे सहाजण मोकळे झाले, आता ते जातील. ते जात नाहीत. ते पुन्हा शेताला जुंपून घेतात. दोन डोळे मिटले तरी बारा हात थांबत नाहीत, इतकीच त्या चित्रपटाची गोष्ट.

त्या वयात मला बैलांची झुंज तेवढी लक्षात राहिली आणि खेळणी विकत, गात फिरणारी संध्याबाईंची चंपा. पुढे मोठेपणी कळले की ही गोष्ट निव्वळ कल्पनेची नव्हती. तिचे मूळ आपल्याच मुलखात, साताऱ्याच्या आणि आजच्या सांगलीच्या बाजूला विखुरलेल्या औंध नावाच्या एका चिमुकल्या संस्थानात होते.

औंध संस्थानची गावे अवघी बहात्तर, आणि तीही एका जागी सलग नव्हेत. परंतु या छोट्या संस्थानाला राजा लाभला तो मोठ्या मनाचा. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. औंधच्या डोंगरावरचे कलासंग्रहालय त्यांचेच. सूर्यनमस्काराचा प्रसार त्यांनी इतक्या आस्थेने केला की त्यांचे नाव निघाले म्हणजे जुन्या पिढीला आधी नमस्कारच आठवत. या राजाने १९३८ च्या अखेरीस आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविण्याचे जाहीर केले. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून नुकतेच परतले होते. पितापुत्रांनी गांधीजींचा सल्ला घेतला आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची नवी राज्यघटना अमलात आली. ग्रामपंचायत हा तिचा पाया होता. आपल्या अधिकारावर आपणच पाणी सोडणारा राजा त्या काळी पाचशेहून अधिक संस्थानांच्या हिंदुस्थानात शोधूनच काढावा लागला असता. आमचे बोर्ली पंचतन त्या वेळी जंजिऱ्याच्या नबाबाच्या संस्थानात होते. इथल्या लोकांना सत्ता अशी आपण होऊन खाली उतरते हे ऐकून खरेच वाटले नसते.

या सगळ्या उलाढालीत तिसरा एक माणूस होता, आणि तो या मुलखातला तर नव्हेच, या देशातलाही नव्हता. त्याचे नाव मॉरिस फ्रीडमन. पोलंडमधल्या वॉर्सा शहरी एका ज्यू कुटुंबात जन्मलेला हा अभियंता बंगलोरच्या सरकारी वीजसामानाच्या कारखान्यात काम करण्यासाठी हिंदुस्थानात आला आणि इथलाच झाला. त्याने भगवी वस्त्रे धारण केली, भारतानंद हे नाव घेतले, गांधीजींच्या सहवासात राहून सूतकताईची साधने सुधारण्यात आपली यंत्रविद्या खर्ची घातली. औंधच्या घटनेच्या कामात तो आप्पासाहेबांचा सोबती होता. ज्या राज्यात प्रजेवर विश्वास टाकायचा, त्या राज्याच्या तुरुंगातली माणसे त्या विश्वासाबाहेर का राहावीत, असा प्रश्न अशा माणसाला न पडता तरच नवल. त्या प्रश्नातून १९३९ साली आटपाडीजवळ एक वसाहत उभी राहिली. तिचे नाव मोठे बोलके ठेवले गेले: स्वतंत्रपूर.

आटपाडी म्हणजे माणदेश. कोकणातल्या वाचकाला माणदेश समजावून सांगणे कठीण आहे. आमच्याकडे श्रावणात भिंतींनाही शेवाळ धरते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. माणदेशात पाचशे पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. आभाळ कोरडे, माळ मोकळे, बाजरीचे ताट कमरेएवढे झाले तर नशीब. अशा भूमीत कैद्यांना आणून बसविण्यात आले. राहायला घर, कसायला जमीन आणि विशेष म्हणजे बायकामुलांना जवळ ठेवण्याची मुभा. भोवती तट नाही. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची आणि दिवसभर राबायचे. पळून जाणाऱ्याला माळरान मोकळे होते; अडविणार होते ते एवढेच की आपण दिलेला शब्द, आपण पेरलेले शेत आणि चुलीपाशी बसलेली आपली माणसे.

या व्यवस्थेत काय नवे होते ते समजण्यासाठी तेव्हाचा रूढ तुरुंग कसा चाले ते आठवले पाहिजे. १८९४ च्या तुरुंग कायद्याने घालून दिलेली ती घडी. कैदी उठतो घंटेवर, जेवतो घंटेवर, निजतो घंटेवर. कुलूप दुसरा लावतो, दुसराच उघडतो. काय खावे, कुठे बसावे, कोणाशी बोलावे यांतले काहीही त्याने ठरवायचे नसते. चौदा वर्षे अशी गेली म्हणजे माणूस एखादे वेळी शांत होतो हे खरे, पण त्याचबरोबर तो निश्चय करायचे विसरतो. मग एके दिवशी दार उघडून त्याला सांगण्यात येते की, जा, आता शहाण्यासारखा वाग. ज्याला पोहायला शिकवायचे त्याला चौदा वर्षे पाण्यापासून दूर ठेवावे आणि मग एकदम खोल डोहात लोटावे, अशातलाच हा प्रकार. स्वतंत्रपूरने हा क्रम उलटा केला. उद्या बी कोणते पेरावे, पाणी कोणत्या वाफ्याला आधी द्यावे, पोराला शाळेत घालावे की गुरांमागे पाठवावे, असे साधे साधे निर्णय कैद्याच्या पदरात टाकले. गुन्हा हा एका वाईट निर्णयाचा परिणाम असतो. तेव्हा बरे निर्णय घेण्याचा सराव हीच शिक्षेतली खरी शिकवण, असा यामागचा विचार. जगात इतरत्रही असे प्रयत्न चालले होते. स्वित्झर्लंडमध्ये विट्झविल येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कैद्यांकडून मोकळ्यावर शेती करवून घेत, आणि इंग्लंडमध्ये वेकफिल्डजवळ १९३६ साली भिंतीवाचूनची छावणी निघाली होती. पण एका दुष्काळी संस्थानाने, तिजोरी तोळामासा असताना, खुनाचा डाग लागलेल्या माणसांना त्यांच्या कुटुंबासह वसवावे, याचे मोल निराळे आहे.

ही गोष्ट पडद्यावर आली कशी? तिलाही माणदेशाचेच पाणी लागले होते. चित्रपटाची कथा-पटकथा लिहिली ती ग. दि. माडगूळकरांनी. गदिमांचा जन्म १९१९ चा, आटपाडीजवळच्या शेटफळ्याचा. बालपण आणि शिक्षण औंध संस्थानच्या छायेत गेले. ज्या राजाच्या राज्यात आपण वाढलो त्याने केलेला प्रयोग त्यांना पुस्तकात वाचावा लागला नव्हता. 'गीतरामायणा'ने त्यांचे नाव १९५५ साली घरोघर पोचवले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांच्या लेखणीतून हे वनवासी सहाजण उतरले. माळावरच्या मातीत खुरपे चालवणारी माणसे कशी बोलतात, कशी गप्प बसतात, हे ज्याने पाहिले आहे त्यानेच ती लिहावीत.

दिग्दर्शक व्ही. शांताराम कोल्हापूरचे. 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' यांसारख्या चित्रपटांनी त्यांनी समाजाला न आवडणारे प्रश्न समाजाच्या पुढ्यात मांडले होते. १९५५ साली त्यांचा 'झनक झनक पायल बाजे' रंगांची उधळण करीत आला आणि गाजला. तशा यशानंतर कोणीही आणखी एक रंगीत नृत्यपट काढला असता. यांनी काढला कृष्णधवल, आणि तोही सहा खुन्यांचा. आदिनाथाची भूमिका त्यांनी स्वतः केली. पंचावन्नी गाठलेल्या वयात खऱ्या बैलाशी झुंज घेतली. त्या झुंजीत त्यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली. काही काळ डोळ्यांवर पट्ट्या बांधून अंधारात पडून राहण्याची पाळी त्यांच्यावर आली. 'दोन डोळे' हे ज्या चित्रपटाचे नाव, त्याच्या कर्त्याचेच डोळे जाण्याची वेळ यावी, हा योगायोग मोठा विलक्षण म्हणायचा. दृष्टी परत आली, आणि त्या अंधारात मनापुढे नाचलेल्या रंगांतून त्यांना पुढचा 'नवरंग' सुचला. तो १९५९ साली आला.

'दो आँखें बारह हाथ'ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. त्यातली प्रार्थना भरत व्यासांनी लिहिली, वसंत देसाईंनी तिला चाल दिली आणि लता मंगेशकरांनी ती गायिली. ती तर चित्रपटातून बाहेर पडून शाळाशाळांत जाऊन बसली. आमच्या भागातल्या शाळांतही ती ऐकू येई. ती म्हणणाऱ्या किती मुलांना ठाऊक असेल की पडद्यावर ही प्रार्थना सहा खुन्यांसाठी आहे?

इथे एक गोष्ट मला सांगावीशी वाटते. तुरुंगातल्या आशेची आणि चिकाटीची उदाहरणे मराठी माणसाला नवी नाहीत. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींच्या हातून 'श्यामची आई' उतरली. पण ही सारी थोरांची बंदिवासकथा झाली. त्यांच्या पाठीशी देश होता, ध्येय होते, बाहेर वाट पाहणारे लाखो लोक होते. त्यांना तुरुंगात जाण्याने कमीपणा आला नाही, उलट मान मिळाला. ज्याने रागाच्या भरात बांधावरच्या भांडणात भावकीतल्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली, त्याच्या पाठीशी कोण? त्याच्यासाठी ना सभा, ना सत्कार. त्याच्या आशेला टेकायला एक भिंतच काय ती असते. स्वतंत्रपूर आणि त्यावरचा हा चित्रपट यांचे वेगळेपण हे की, त्यांनी या अनाम, अपकीर्त माणसाकडे पाहिले.

माझ्या मुलाच्या पिढीला तुरुंगाचा चित्रपट म्हटला की १९९४ चा 'द शॉशँक रिडम्प्शन' हा अमेरिकन चित्रपट आठवतो. तोही मी पाहिला, आणि मनापासून आवडला. न केलेल्या खुनासाठी जन्मठेप झालेला एक बँक अधिकारी एका लहानशा हातोडीने वर्षानुवर्षे भिंत पोखरतो. वाचनालयासाठी आठवड्याला पत्रे धाडून सरकारला जेरीस आणतो. आणि अखेर एका वादळी रात्री निसटतो. आशा माणसाला कशी तगवून धरते याचे ते सुरेख चित्र आहे. परंतु दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहिले म्हणजे फरक ध्यानात येतो. तिथला नायक निर्दोष आहे. त्याची आशा भिंतीपलीकडे आहे, आणि चिकाटी भिंतीला भोक पाडण्यात आहे. आपले सहाजण दोषी आहेत. त्यांच्याभोवती भिंतच नाही. त्यांची चिकाटी न पळण्यात आहे. निर्दोष माणूस सुटला की आपल्याला आनंद होतो. तो सोपा आनंद आहे. दोषी माणूस, दार सताड उघडे असताना, संध्याकाळी आपल्या पायांनी हजेरीला परत येतो, हे पाहणे अवघड आहे. आणि मला वाटते, मोठी आशा तीच.

हे लिहिणे सोपे आहे, याची मला जाणीव आहे. बोर्ली पंचतनच्या माणसाने तर हे फारच जपून लिहिले पाहिजे. आमच्यापासून चार-पाच किलोमीटरांवर दिवेआगर आहे. तिथे १९९७ च्या नोव्हेंबरात एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणेशमुखवटा सापडला आणि या किनाऱ्याचे भाग्य उजळले. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडेखोर देवळात शिरले, त्यांनी दोघा रखवालदारांचे प्राण घेतले आणि मुखवटा पळवला. सोने सापडले ते वितळलेले. त्या सकाळी बोर्लीच्या बाजारात दुकाने उघडी होती पण कोणी काही विकत घेत नव्हते. जो तो एकच बोलत होता, "फाशी द्या." खोटे कशाला सांगू, मीही तेच म्हणालो. खटला चालला, शिक्षा झाल्या. २०२१ साली नवा मुखवटा मंदिरात आला. पण ज्या दोन घरांतले कर्ते पुरुष गेले, त्यांच्या अंगणात त्यानंतर किती दिवाळ्या उजळल्या असतील?

त्या वर्षानंतर मी हा चित्रपट पुन्हा पाहिला, आणि प्रथमच मला त्यात एक उणीव दिसली. सहा खुनी आहेत, म्हणजे खून झालेली माणसेही असणार. ती कुठे आहेत? त्यांची मुले, त्यांच्या विधवा? आदिनाथाने त्यांना कधी विचारले का, की तुमच्या माणसाला मारणाऱ्याच्या बेड्या मी काढू का? चित्रपट याविषयी जवळजवळ मुकाच राहतो. चांगुलपणाच्या गोष्टी सांगणाऱ्यांकडून असे होते. ज्याला सुधारायचे त्याच्यावर सारा प्रकाश पडतो आणि ज्याचे वाटोळे झाले तो अंधारात राहतो.

यावर मी पुष्कळ विचार केला. अमक्याला क्षमा करा, तमक्याला सोडा, असे सांगण्याचा अधिकार माझा नाही. तो ज्याचे गेले त्याचा. सगळ्याच गुन्हेगारांना मोकळ्या माळावर नेऊन ठेवावे असेही नव्हे. खुल्या तुरुंगात पाठविताना माणूस निवडूनच घेतात: शिक्षेचा काही भाग भिंतीआड भोगलेला, वर्तन चांगले असलेला, सराईत नसलेला. पण एक गोष्ट मला उमगली. स्वतंत्रपूर म्हणजे क्षमा नव्हे. तिथेही शिक्षाच भोगायची असते. फक्त ती आडवे पडून भोगायची नसते, उभे राहून भोगायची असते. कोठडीत बसलेला कैदी जगाचे काही देणे फेडीत नाही. आपण त्याला पोसतो. माळ फोडून भाकरी पिकवणारा निदान आपली भाकरी कमावतो, पोरांना वाढवतो, आणि रोज संध्याकाळी हजेरी देताना आपण कोण आहोत ते स्वतःलाच पुन्हा सांगतो. गेलेला जीव यातून परत येत नाही. पण एका घराचा नाश झाला म्हणून दुसऱ्याही घराचा व्हावा, खुन्याच्या मुलाने बापाचा चेहरा गजांआडूनच पाहावा, याने पहिल्या घराला तरी काय मिळते?

चित्रपटाहून खऱ्या हकीकतीने मला अधिक धीर दिला तो इथे. चित्रपटाला नायक लागतो आणि नायकाला मरावे लागते. आटपाडीच्या माळावर असा कोणी एकटा नायक नव्हता. एक राजा होता, एक राजपुत्र होता, एक परदेशी संन्यासी होता, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत असे कैदी होते. १९४८ साली औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच वर्षी आमचे जंजिरा संस्थानही गेले. भवानराव १९५१ साली वारले. आप्पासाहेब स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी गेले. फ्रीडमन पुढे मुंबईत राहिला आणि १९७६ साली तिथेच त्याने देह ठेवला. राजा गेला, राज्य गेले, पण वसाहत राहिली. स्वतंत्रपूर आजही महाराष्ट्राच्या कारागृह खात्याखाली चालू आहे. तिथे २८ कैद्यांची सोय आहे. आकडा लहान आहे. पण ज्या प्रयोगाचे कर्ते गेले, ज्या राज्याने तो केला ते राज्य नकाशावरून पुसले गेले, तो प्रयोग आठ दशकांहून अधिक काळ टिकतो, त्या चिकाटीला काय म्हणावे? 'दोन डोळे मिटले तरी हात थांबले नाहीत' हा चित्रपटाचा शेवट माणदेशात असा अक्षरशः खरा झाला.

आणि हे बी एकाच शेतात राहिले नाही. उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांच्या पुढाकाराने १९५२ च्या सुमारास कैदी मोकळ्या छावण्यांत धरणांच्या कामावर गेले. राजस्थानात सांगानेरला १९६३ साली सहकुटुंब राहण्याचा खुला तुरुंग निघाला. आपल्याकडे येरवड्याला आणि पुढे १९६८ साली पैठणला खुले तुरुंग आले. १९६० साली विनोबा चंबळच्या खोऱ्यात गेले आणि वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. ते विनोबा तर आमच्याच जिल्ह्यातल्या, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. ज्या मातीत हिराकोट उभा राहिला त्याच मातीत भिंतीवाचून माणूस बांधून ठेवणारा हा पुरुष जन्मला, हे आम्हा रायगडकरांनी विसरू नये.

हे सगळे मी नातवाला त्याच्या वयाला पेलेल एवढे सांगितले. त्याने लक्ष देऊन ऐकले आणि मग, मुले विचारतात तसा, नेमका प्रश्न विचारला. "आणि पळून गेला तर?"

मी म्हणालो, "पळाला तर शिपाई धरून आणतील, आणि मग तो भिंतीआड बसेल. तसेही एखादा निघतो."

"मग?"

"मग काही नाही. सहातला एक गेला. बाकीचे पाच राहिले ना? त्यांच्यासाठी शेत ठेवायचे की मोडायचे, ते तू सांग."

त्याने काही सांगितले नाही. पोरे हाका मारीत होती, तो पळाला. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून मी पणत्या लावायला अंगणात आलो, तेव्हा अहळीव चांगला बोटभर उगवला होता. बुरुजाखालचे भुयार रिकामे होते. त्या हिरव्या तुकड्यात सहाही चित्रे ओळीने उभी केलेली होती. शेजारी एक मावळा बसवला होता, त्याची तलवार काढून घेतलेली. मी त्यांच्याजवळ एक पणती ठेवली आणि घरात आलो.